निदान

‘निदान’ हा शब्द मराठीत दोन कामे करतो आणि ही दोन कामे एकमेकांना फारशी ओळख दाखवीत नाहीत. ‘डॉक्टरांनी निदान केले’ असे आपण म्हणतो आणि ‘निदान घोटभर चहा तरी घ्या’ असेही म्हणतो. पहिल्या ठिकाणी हा शब्द विद्वानाच्या थाटात लोडाला टेकून बसलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी तो हात जोडून दारात उभा असतो. संस्कृतात त्याचा अर्थ कारण, मूळ. माधवकराचा रोगांवरील जुना ग्रंथ ‘माधवनिदान’ या नावाने वैद्यांना पाठ असे, त्या नावातही हा अर्थ आहेच. कारण, रोगाची ओळख, आणि कमीत कमी अपेक्षा, असे तीन अर्थ या एका शब्दात नांदतात. मी आयुष्यभर यातल्या मधल्या अर्थावर पोट भरले. बाकीच्या दोन अर्थांकडे माझे लक्ष जायला हातून एक चूक घडावी लागली.

मी विकृतिशास्त्रज्ञ आहे. रोगी आमच्यापर्यंत येत नाही, त्याचा तुकडा येतो. फॉर्मॅलिनच्या लहानशा बाटलीत तो तरंगत असतो. बाटलीवर नाव, वय, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या घाईच्या अक्षरात एखादी ओळ. तो तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप काढतो आणि काचपट्टीवर पसरून रंगवतो. पेशींची केंद्रे निळीजांभळी होतात, बाकीचे सारे गुलाबी. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या निळ्यागुलाबी चित्राला नाव द्यायचे. ते नाव कागदावर उतरले की त्यावर सही होते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हातातली सुरी त्या नावाबरहुकूम चालते.

माझी चूक टाळूच्या गाठीसंबंधी होती, म्हणून टाळूविषयी थोडे सांगितले पाहिजे. वाचकाने जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लावून हळूहळू आत न्यावे. आधी खरखरीत वळ्या लागतात, मग गुळगुळीत टणक छत, आणि त्यापुढे जीभ जेमतेम पोहोचते तिथे ते छत मऊ होते. या टणक आणि मऊ भागांच्या सीमेवर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, अस्तराखाली लाळेच्या बारीक ग्रंथी दाटीवाटीने असतात. कानापुढच्या किंवा जबड्याखालच्या मोठ्या लालाग्रंथी सर्वांना ठाऊक असतात. पण तोंडात सर्वत्र मिळून अशा सहाशे ते हजार चिमुकल्या ग्रंथी पसरलेल्या आहेत आणि त्यांच्यात गाठ उद्भवली तर ती सर्वांत जास्त वेळा टाळूवर उद्भवते. ती दुखत नाही, सावकाश वाढते. माणसाला वाटते, दाढेची सूज असेल. कित्येकदा कवळी बसेनाशी होते तेव्हाच तिचा पत्ता लागतो. कानापुढच्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. टाळूवर ते अभय नाही. तिथल्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या कर्करोगाच्या निघतात.

त्या गाठींत दोन अशा आहेत की त्यांची नावे ठेवणाऱ्याने जणू थट्टाच केली आहे. एक प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, दुसरी पॉलिमॉर्फस ॲडिनोकार्सिनोमा. दोन्ही विशेषणे ग्रीक भाषेतून आलेली आणि दोहोंचा अर्थ मराठीत एकाच शब्दाने सांगता येतो: बहुरूपी. पहिली साधी गाठ, दुसरी कर्करोग. आपल्याकडे बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात येतो, दरडावतो, आणि शेवटी हसून पसाभर धान्य मागतो. पोरांना तो खरा फौजदार वाटतो. आता कल्पना करा की खराच फौजदार तसाच पोशाख करून त्याच दारात उभा आहे. चेहरा पाहून ओळखायचा तर कसा ओळखणार? या दोन्ही गाठींच्या पेशी शांत, नीटस, सभ्य दिसणाऱ्या असतात. दोन्हींत कुठे नळ्या, कुठे भरीव पुंजके, कुठे जाळ्या दिसतात. कर्करोगाच्या पेशी उग्र, वेड्यावाकड्या, उधळलेल्या असतात असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. ही दुसरी गाठ तो धडा खोटा पाडते.

फरक दिसतो तो कडेला. साध्या गाठीला टाळूवर पुष्कळदा धड आवरणही नसते. पण ती आपल्या हद्दीत राहते, शेजाऱ्याला ढकलते, त्याच्या घरात शिरत नाही. दुसरी शिरते. तिच्या पेशी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक चरबीत जातात, निरोगी ग्रंथींच्या मधून वाट काढतात, एखाद्या बारीक मज्जातंतूभोवती वर्तुळे करून बसतात. दुष्टपणा चेहऱ्यावर नसतो, शेजाऱ्याशी वागण्यात असतो. पण ते वागणे पाहायचे तर कड दिसली पाहिजे, आणि तपासणीसाठी तुकडा काढतात तो बहुधा गाठीच्या मधोमध. दोन सेंटिमीटर व्यासाची गाठ आणि पाच मिलिमीटर व्यासाचा, तितकाच खोल तुकडा, असा हिशेब करून पाहिला तर गाठीचा सुमारे चाळिसावा हिस्सा माझ्या हाती येतो. त्या तुकड्याचे साडेबाराशे काप होऊ शकतात. मी पाहतो त्यांतले चारसहा. एवढ्या पाहण्यावर मी एका माणसाविषयी बोलतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी असा एक तुकडा माझ्याकडे आला. बाटलीवर लिहिले होते: स्त्री, वय ५८, टाळूवर डावीकडे गाठ, चार वर्षे. काप चांगले होते. नळ्या होत्या, पुंजके होते, मधला भाग थोडा विरघळल्यासारखा निळसर होता. कड मात्र कुठेच नव्हती. पेशींतली विशिष्ट प्रथिने रंगवून दाखवण्याची सोय त्या वेळी आमच्याकडे नव्हती. दुपारी शस्त्रक्रिया करणाऱ्या मित्राचा फोन आला. “अरे, तू एवढं सांग, साधी की वाईट? बाईंचा मुलगा समोर बसलाय. घरात लग्न आहे.” मी म्हणालो, “साधी दिसते.” संध्याकाळी अहवाल लिहिला तेव्हा ‘दिसते’ हा शब्द गळाला. कागदावर नुसते नाव राहिले: प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा. खाली सही.

त्या नावाबरहुकूम गाठ निघाली, भोवतालचा अगदी थोडा भाग घेऊन. ती अखंड माझ्याकडे आली. या वेळी कड होती आणि कडेवर त्या मुंग्यांच्या रांगाही होत्या. एका मज्जातंतूभोवती पेशींनी इतकी सुबक वर्तुळे केली होती की पाठ्यपुस्तकात चित्र म्हणून शोभावे. बाईंना पुन्हा भूल दिली गेली आणि टाळूचे काही हाड काढावे लागले. तिथे राहिलेले भगदाड झाकायला दातांच्या कवळीसारखी एक पाटी बसवण्यात आली.

माझ्या सहकाऱ्यांनी माझे सांत्वन केले. ते वरवरचे नव्हते. ते म्हणाले, पहिल्या दिवशी खरे नाव कळले असते तरी हाड जायचे ते गेलेच असते. फार तर एक शस्त्रक्रिया वाचली असती. ही गाठ सावकाश चालणारी. नीट काढली तर बहुतेक रोगी पुष्कळ वर्षे जगतात. शिवाय इतक्याशा तुकड्यावर भल्याभल्यांची फसगत होते. हे सगळे खरे होते आणि मी ते आनंदाने पदरात बांधून घेतले. विषय माझ्यापुरता संपला होता. पण काही आठवड्यांनी बाई स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या.

मुंबईला दुसरे मत घ्यायचे होते, म्हणून त्या मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या न्यायला आल्या होत्या. एरवी हे काम नातेवाईक करतात. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या; तीस वर्षे त्यांनी पहिलीच्या मुलांकडून मुळाक्षरे घोटून घेतली होती. पाटी अजून सैल बसत होती. हवा नाकात निसटे आणि प, ब, च, ज ही अक्षरे विरून जात. म आणि न तेवढे शाबूत होते. ते मुळातच नाकातले. व्याकरणात आपण काही वर्णांना तालव्य म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला असा: “मी कधी मिश्रीसुद्धा लावली नाही, डॉक्टर. मग हे मलाच का?” आपल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हटला की तंबाखू आठवते आणि तोंडाच्या अस्तरातून उठणाऱ्या नेहमीच्या कर्करोगाच्या बाबतीत ते योग्यच आहे. त्यामुळे ज्यांनी तंबाखू शिवलीही नाही त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहतात आणि काही दिवसांनी ती माणसे स्वतःकडेच तसे पाहू लागतात. लालाग्रंथींतल्या या गाठींचा तंबाखूशी तसा संबंध नाही. त्या का होतात हे सांगता येत नाही. मी त्यांना तसे सांगितले. निदान या शब्दाचा जो सर्वांत जुना अर्थ, कारण, त्या बाबतीत माझी पाटी कोरी होती आणि ती कोरी दाखवायला मला मुळीच संकोच वाटला नाही.

दुसरा प्रश्न होता: “पहिल्या वेळी दिसलं नव्हतं का?”

याचे उत्तर मी तयार ठेवले होते. “बाई, तुकडा फार लहान होता. त्यात कड आली नव्हती.”

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग तसं का नाही लिहिलंत? नाव सांगता येत नव्हतं तर निदान तेवढं तरी लिहायचं. शाळेत मी पोरांना सांगायची, उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेव, पण अंदाजानं आकडा टाकू नकोस. आकडा बरोबर आला तरी मी त्याला गुण द्यायची नाही.”

त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी ठोकळा आणि काचा पिशवीत ठेवल्या, पोचपावतीवर सही केली आणि त्या गेल्या.

“आकडा बरोबर आला तरी.” या चार शब्दांनी माझ्या सांत्वनाचा पाया काढून घेतला. तोवर मी असे धरून चाललो होतो की माझी चूक म्हणजे चुकीचे नाव. ते तसे नव्हते. चुकीचे नाव कोणाकडूनही जाते. न्यायालयात साक्षीदार शपथेवर सांगतो, ‘मी पाहिले’. त्याने जर फक्त तर्क केला असेल तर त्याची साक्ष खोटी. पुढे आरोपी खरोखरीच गुन्हेगार ठरला म्हणून ती साक्ष खरी होत नाही. मी कड पाहिली नव्हती. कड पाहिल्यासारखे लिहिले होते. गाठ साधी निघाली असती तरी माझा कागद तितकाच खोटा राहिला असता. आणि मग एका जुन्या, नको असलेल्या हिशेबाकडे पाहावे लागले. अशाच लहान तुकड्यांवर मी पूर्वी कितीदा तरी ठाम नावे दिली होती. पुष्कळ गाठी साध्या निघाल्या, लोक पेढे घेऊन आले, आणि त्या प्रत्येक वेळी मी तेच केले होते. फळ गोड निघाले म्हणून झाडाखाली कोणी पाहिले नाही, एवढेच.

मग माणूस असे का लिहितो? अहंकार हे एक उत्तर आहे, आणि त्याचा वाटा मी नाकारीत नाही. तज्ज्ञाला ‘सांगता येत नाही’ हे वाक्य घशातून बाहेर काढायला जड जाते. पण माझ्या बाबतीत त्याहून मोठा वाटा दयेचा होता. मुलगा समोर बसला होता, घरात लग्न होते. त्या घराला एक शब्द हवा होता आणि तो देणे माझ्या हातात होते. दयेपोटी बोललेले असत्य निम्मे माफ असते अशी आपली समजूत आहे. तिच्यात तथ्य असेलही. पण मी दिलेल्या शब्दाने त्या घराला जो दिलासा मिळाला तो माझ्या मालकीचा नव्हता. मी तो बाईंच्या खात्यातून काढून त्यांनाच भेट दिला होता. शंका ही त्यांची होती. तीन आठवडे जागून काढायचे असतील तर ते त्यांचे जागरण होते. दुसरे मत घ्यायचे की नाही, कडेचा तुकडा पुन्हा काढू द्यायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचे होते. ती शंका मी परस्पर खिशात घातली आणि तिला दया म्हटले.

कोणी म्हणेल, मग प्रत्येक कागदावर ‘सांगता येत नाही’ असे लिहून मोकळे व्हावे, म्हणजे खोटेपणा नको आणि जबाबदारीही नको. असे लिहिणारे आमच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी ‘रोग्याच्या लक्षणांशी ताडून पाहावे’ असा शेरा असतो. तो शेरा देवळातल्या तीर्थासारखा सर्वांना सारखाच मिळतो आणि म्हणूनच कोणाच्या उपयोगी पडत नाही. हाही एक खोटेपणाच आहे. जे दिसते आहे ते न सांगणे आणि जे दिसले नाही ते सांगणे ही दोन्ही पापे साक्षीदाराचीच. टाळूवर आणखी एक गाठ होते, ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. तिचा कल मज्जातंतूंच्या वाटेने कवटीच्या तळाकडे जाण्याचा आणि दहापंधरा वर्षांनीसुद्धा फुप्फुसात डोके वर काढण्याचा. ती पुष्कळदा लहान तुकड्यातही ओळखता येते. ती समोर असताना जो संदिग्ध बोलतो त्याची सावधगिरी रोग्याची वर्षे खाते. तेव्हा ‘माहीत नाही’ या वाक्यालाही कड लागते. काय दिसले, काय दिसले नाही, त्यातून काय काय संभवते, आणि उलगडा व्हायला आणखी काय लागेल, इतके सांगितले तर ते उत्तर होते. एरवी ते नुसते दार लावून घेणे.

माझे तरुण सहकारी म्हणतात, तुमच्या काळी साधने नव्हती म्हणून तुम्हाला ही नीती सुचली. त्यांचे म्हणणे अगदीच फेटाळण्यासारखे नाही. बाईंच्या गाठीचे वेगळेपण प्रथम १९८३ साली दोन निरनिराळ्या नावांखाली वर्णिले गेले. १९८४ मध्ये तिला ‘पॉलिमॉर्फस लो-ग्रेड ॲडिनोकार्सिनोमा’ हे नाव मिळाले. २०१७ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘लो-ग्रेड’ हे शब्द गळाले, कारण त्यांतल्या सगळ्याच गाठी त्या सौम्य विशेषणाला जागत नाहीत असे दिसून आले. ॲडिनॉइड सिस्टिक गाठींतल्या दोन जनुकांचा जोड २००९ मध्ये उलगडला. पॉलिमॉर्फस गाठीतला एक ठरावीक जनुकबदल २०१४ मध्ये. आज पी६३ आणि पी४० या दोन प्रथिनांचे रंग शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर त्या दोन बहुरूप्यांतला फौजदार कोणता हे पुष्कळदा लहान तुकड्यातही सांगता येते. मला याचा आनंद आहे. ही सोय तेव्हा असती तर बाईंची एक भूल वाचली असती. पण साधने वाढली की पाहिलेल्याची हद्द पुढे सरकते. पाहिलेले आणि मानलेले यांच्यामधली रेघ पुसली जात नाही. उलट साधनांच्या भरवशावर ती रेघ न दिसण्याचा संभव वाढतो.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी अशीच एक काचपट्टी घेऊन माझ्याकडे आली. टाळूवरचा खोल व्रण, रोगी पन्नाशीचा, विडी ओढणारा, आणि व्रणाखाली खपल्यांच्या पेशींचे पुंजके. पाहताक्षणी कर्करोग म्हणावे असे चित्र होते. तिने अहवालात तसे लिहूनही आणले होते. मी तिला मोठ्या भिंगावरून लहान भिंगावर यायला सांगितले. पेशी विचित्र होत्या. पण त्या ज्या ग्रंथींत होत्या त्यांच्या घरांचा आराखडा शाबूत होता. रक्तपुरवठा तुटून लाळेच्या ग्रंथी मेल्या की असा व्रण होतो. १९७३ साली तीन शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले. तो आपोआप, बहुधा सहा ते दहा आठवड्यांत भरून येतो. तो कर्करोग समजून निरोगी टाळू कापले गेल्याची उदाहरणे आहेत. पण इथेही तुकडा वरवरचा होता, सगळा आराखडा त्यात आला नव्हता. तिने विचारले, “सर, मग काय लिहू? तो नाही, हा आहे?” मी म्हणालो, “जे दिसलं ते लिही. कशाचा संशय आहे ते लिही. घाईने कापू नये आणि व्रण नजरेआड होऊ देऊ नये, तीन आठवड्यांनी पाहावं, कमी झाला नाही तर खोल तुकडा पाठवावा, हेही लिही.” तिने चार ओळी लिहिल्या. नाव घातले नाही. रोग्याला फोन करून तिने त्या ओळी त्याला समजेल अशा भाषेत सांगितल्या. तो तिच्यावर चिडला. त्याला एक शब्द हवा होता.

तीन आठवड्यांनी व्रण निम्मा झाला, पुढे भरून आला. ती धावत सांगायला आली, “सर, आपण बरोबर होतो!” मला तिचा आनंद मोडवेना, म्हणून मी त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिला बोलावून सांगितले की व्रण भरून आला हे त्याचे सुदैव आहे, त्याचे गुण आपल्याला नाहीत. तो भरून आला नसता, खालून कर्करोग निघाला असता, तरी तुझ्या त्या चार ओळी आज आहेत तितक्याच खऱ्या राहिल्या असत्या. गुण द्यायचे तर त्याला द्यावेत.

तिने मान हलवली. तिला ते कितपत पटले हे मी सांगू शकत नाही.